त्रेसष्ट अंगठे

सालवड, बोईसर
१८ सप्टेंबर

प्रिय नरहरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते लगेच फोडलं नसशील. हिला एवढ्या वर्षांनी पत्र लिहायला काय झालं, असं म्हणत दोनदा उलटसुलट करून बघितलं असशील. तुझा फोन नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर तू 'हो हो, बघतो' म्हणशील आणि ठेवून देशील, हे मला ठाऊक आहे. आणि मोबाइलवर लिहिलेलं आणखी कोणाकोणाच्या मोबाइलवर जाऊन बसेल याचा काही भरवसा नाही. तू म्हणायचास ना, विजया स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागेल म्हणून? मागेनच. म्हणून हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय, पंचायतीच्या नाही. पाकीट आधी कोणी फोडून चिकटवलेलं दिसलं तर मला कळव.

माझं बरं चाललंय. यजमानांना, दिनानाथना, जाऊन मार्चमध्ये चार वर्षं झाली. कंपनीची खोली सोडावी लागली, पण सालवड सोडवलं नाही. इथेच मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर खोली घेतली. वारा कारखान्यांकडून येतो तेव्हा खिडक्या लावून घ्यायच्या, एवढंच. बाबांचं कामाचं टेबल मी माहेरच्या दांडीहून टेम्पोने आणलं. त्याच्या मागच्या पायाखाली तू ठोकलेली पाचर अजून आहे. दागिने दाबायच्या लोखंडी साच्याचं, डायचं, हातकाम आता फारसं राहिलं नाही, सगळं मशीनवर कापलं जातं. पण मशीनला बारीक कोपरे जमत नाहीत. नथीची नाहीतर बुगडीची डाय असली की झवेरी बाजारातून अजून माझ्याकडेच येते. डोळे शाबूत आहेत तोवर पोटाची चिंता नाही.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या पंचायतीतली, वरच्या पाड्यावरची नवसी तुला माहीत आहे. करटोली, शेवळं, कंद असं जे मिळेल ते घेऊन ती बोईसरच्या बाजारात येते आणि परत जाताना रिकामी पाटी माझ्या जिन्याखाली ठेवून चहा पिते. सात वर्षं झाली या चहाला. तिला सही मी शिकवली. अक्षर काही केल्या हातात बसेना, तेव्हा पितळेच्या पट्टीवर तिचं नाव खोल कोरून दिलं आणि म्हटलं, यातून बोट फिरव. पण डायवाल्यांचा हात उलटं कोरणारा. मी नावही उलटं कोरून बसले. आठवडाभर ती बिचारी पाड्यावर जाऊन आरशातलं नाव गिरवत होती, आणि तिच्या मुलीने, तेजलने, हसून हसून डोळ्यांत पाणी आणल्यावर मला चूक कळली. दुसरी पट्टी सुलटी करून दिली. आता नवसी बँकेत, शाळेत, सगळीकडे सही करते. कोणी शाईचं पॅड पुढे केलं की ती पेन मागते.

तेजल यंदा बारावी झाली, चांगल्या मार्कांनी. नर्सिंगला नंबर लागला. कॉलेजने कागद मागितले, त्यात ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. एवढा एकच कागद राहिला होता. मायलेकी तुझ्या ऑफिसात गेल्या. खिडकीतल्या माणसाने सांगितलं की वरच्या पाड्याला आता स्वतःचं डिजिटल सेवा केंद्र आहे, तुमचे अर्ज तिथूनच ऑनलाइन भरायचे, इथून भरले तर कॉम्प्युटर घेत नाही. त्या पाड्यावर गेल्या. शाळेशेजारी पत्र्याची खोली, तिच्यावर रंगीत बोर्ड, बोर्डाखाली कुलूप. खिडकीतून आत बघितलं तर एक टेबल आणि त्यावर पालीची अंडी. परत खाली, परत तेच उत्तर. असं तीनदा झालं. सहा किलोमीटर उतरायचं आणि सहा चढायचं, भर पावसात. चौथ्यांदा जायच्या आत तारीख संपली. नवसी माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाय, त्यांचा कम्पुटर हाय तं आमाला कसा दिसत नाय? आमी काय पाप केला?" खिडकीत कोण बसलं होतं, ते मी तिला विचारलं नाही. तुमच्या ऑफिसात खिडकी एकच आणि तिथे बसणाराही एकच, हे मला माहीत आहे.

कॉलेजात मी स्वतः जाऊन आले. तिथल्या बाई भल्या आहेत. त्या म्हणाल्या, शेवटची फेरी तीस तारखेला आहे, एक जागा राहील असं दिसतंय. पण उशीर मुलीचा नाही, पंचायतीचा आहे, असं सरकारी कागदावर लिहून आणा. तो कागद आला नाही तर तेजल दिवाळीनंतर आईबरोबर वीटभट्टीवर जाणार. मुकादमाने उचल देऊ केली आहे, नवसीने अजून हात लावलेला नाही. पण किती दिवस नाही लावणार?

मग माझा स्वभाव जागा झाला. पंचायतीचा खर्च सरकार सगळ्यांना बघायला वेबसाइटवर टाकतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी ती उघडली. बघते तर काय, वरच्या पाड्याचं केंद्र दीड वर्षापासून जोरात चालू. दोन कॉम्प्युटर, प्रिंटर, सौर पॅनेल, इंटरनेट, चालकाचं मानधन. सगळा खर्च पेसाच्या निधीतून, म्हणजे पाड्याच्या स्वतःच्या पैशातून. गेल्या वर्षी तिथून दिलेले दाखले चारशे बारा. पाड्यात माणसं मुलाबाळांसकट तीनशे नाहीत. खाली फोटोही होता, टेबलावर कॉम्प्युटर आणि मागे खिडकी. त्या खिडकीच्या गजांना मोराची नक्षी आहे, आणि मोराची खिडकी पाड्यावर नाही, तुमच्या ऑफिसात आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं म्हणून मी फोन बंद केला आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहायला बसले.

खरं सांगू? तेव्हा माझा संशय तुमच्या ग्रामसेवकावर होता. नंतर सरपंचांच्या मेहुण्यावर गेला, कारण कॉम्प्युटर पुरवणारा तोच. एक दिवस तर नवसीवरही घेतला, की ही चुकून कुठे सह्या देऊन बसली नाही ना. तिला तसं विचारलंही. ती अर्धा चहा टाकून गेली, आणि पुढच्या बाजाराला आली नाही. मी पाड्यावर जाऊन माफी मागितली. संशय घेणं सोपं असतं, त्याचं ओझं दुसऱ्याच्या पाटीत पडतं.

माफी मागायला गेले तेव्हा तिच्या घरात शिवणकामाच्या डब्यात मला ती उलटी पट्टी दिसली. तिने टाकली नव्हती. पट्टी बघून मला दांडीच्या आपल्या कारखान्याच्या पडवीतलं टेबल आठवलं. तू गावाहून बाबांकडे काम शिकायला आलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास आणि मी सतरा. दोन वर्षांत बाबा तुला पानाची नक्षी कोरायला देऊ लागले होते. हात तुझाच सगळ्यांत चांगला, असं ते मला सांगायचे, तुला कधीच नाही. मग तो बोटाचा अपघात झाला. तुझी छिन्नी घसरली आणि डावा अंगठा फाटला, असं आमच्या घरात अजून सांगतात. बाबा म्हणाले, स्वतःचं बोट सांभाळता येत नाही त्याच्या हातात सोन्याचं काम काय द्यायचं, आणि तुला वर्षभर कानस मारायला बसवलं. दिवाळीच्या ऑर्डरी पडलेल्या, टेबल रिकामं. नाइलाज म्हणून बाबांनी मला त्यावर बसवलं, मुलीच्या जातीने हत्यार धरायचं नाही म्हणणाऱ्या त्याच बाबांनी. त्या जागेवर मी आजपर्यंत बसले आहे. तू कानसच मारत राहिलास, आणि एक दिवस गावी पंचायतीत कारकून लागलास. जाताना तू काही विचारशील म्हणून मी विहिरीपाशी उभी होते. तू 'येतो' म्हणालास. मला तू आवडायचास, नरहरी. हे तेव्हा म्हणता आलं नाही, आता म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

तीस दिवसांनी अर्जाचं उत्तर आलं. केंद्राला मंजुरी देणारी पाड्याची ग्रामसभा, तिची हजेरी, त्रेसष्ट जण. सहा महिन्यांनी 'केंद्र समाधानकारक चालू आहे' असा ठराव, पुन्हा तेच त्रेसष्ट जण. सही एकाचीही नाही, सगळे अंगठे. पाड्यात बारावी झालेली पाच मुलं आहेत, एक तर आयटीआय करून तारापूरच्या एमआयडीसीत लागला आहे. तेही अंगठेबहाद्दर. आणि सतराव्या नंबरावर नवसी. झेरॉक्स तिच्यासमोर धरली तेव्हा तिने त्या ठशावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मी तं सही करते. हा आंगठा कोनाचा हाय?" ज्याने हजेरी भरली त्याला वाटलं असणार की पाड्यावरची बाई म्हणजे अंगठाच. त्याने कधी तिला हातात पेन देऊन बघितलंच नाही.

मी मूळ वही बघायला मागितली. कायद्याने बघता येते. तुमच्या ग्रामसेवकाने मंगळवार दिला. मंगळवारी मी पोचले तर खिडकी बंद आणि तू रजेवर. पोटात दुखतंय असं कळलं. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं. मग स्वतःलाच रागावले, की माणसाचं पोट दुखू शकतं. ग्रामसेवक समोर बसून राहिले, चहा मागवला, वर गोड बिस्किटंही. मी पर्समधून भिंग काढलं तेव्हा ते हसले. म्हणाले, "ताई, सोनं तपासताय काय?"

मी तेच तपासत होते. डायवर एकदा खोट राहिली की त्या डायने दाबलेल्या सोन्याच्या प्रत्येक पानावर तीच खोट उठते, हजार पानं दाबली तरी. बाबांनी आपल्याला आधी खोट बघायला शिकवलं आणि मग नक्षी. पहिला अंगठा बघितला. रेषांमधून एक तिरकी चीर, खालच्या टोकाला दोन फाटे, आणि फाट्याच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढी कोरी जागा. दुसरा बघितला, पाचवा बघितला, मग सतरावा. हजेरी भरणारा हुशार होता. प्रत्येक वेळी त्याने अंगठा थोडा फिरवला होता, कुठे नुसती कड टेकवली होती, कुठे शाई कमी घेतली होती, कुठे मुद्दाम फरफटवला होता. साध्या माणसाला कधी कळलं नसतं. पण चीर तीच. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. मी वही मिटली. ग्रामसेवकांनी विचारलं, काय दिसलं? मी म्हटलं, शाई फार फिकी आहे हो, काही कळत नाही. आयुष्यात मी एवढं सरळ खोटं फार कमी वेळा बोलले आहे.

त्यानंतर दहा दिवस माझ्या हातून एक डाय पुरी झाली नाही. मी विचार करत बसले, की यातलं त्या अंगठ्याच्या माणसाला काय मिळालं असेल. त्याच्या घरावरून मी मुद्दाम रिक्षा नेली. छपरावर अजून निळी ताडपत्री. मोटारसायकल तीच जुनी, किक मारून चालू होणारी. खाल्लं दुसऱ्यांनीच, याबद्दल मला शंका नाही. तीस वर्षं तात्पुरता असलेल्या कारकुनाला कायम करण्याचा कागद कोणाच्या टेबलावर अडकला आहे, हे पण मी विचारून आले. एकदा अंगठे मार, कागद सुटेल, असं म्हटलं असेल. पहिल्यांदा मारल्यावर दुसऱ्यांदा नाही कसं म्हणणार? मग पाड्यावरची मुलगी खिडकीत आली तर दाखला ऑफिसातून द्यायचीही चोरी, कारण दिला तर केंद्र बंद आहे हे कॉम्प्युटरच सांगणार. हे सगळं मी माझ्या मनाने जुळवलं आहे. खरं काय ते मला माहीत नाही. पण तेजल तीनदा त्या खिडकीसमोर भिजत उभी होती आणि तिला कुलपाकडे धाडलं गेलं, हे जुळवलेलं नाही. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो ताडपत्री बघूनही गेला नाही.

नवसीने तक्रार केली आहे. सही करून. सोमवारी अकरा वाजता पाड्यावर, शाळेच्या ओट्यावर खास ग्रामसभा आहे. तालुक्याहून विस्तार अधिकारी येणार, तुमची सगळी कमिटी येणार, वही येणार. त्या दिवशी सगळ्यांसमोर जे नोंदवलं जाईल त्याची नक्कल घेऊन नवसी कॉलेजात जाणार. अधिकारी फोनवर नवसीला म्हणाले की ठसे तपासायला पाठवले तर उत्तर यायला वर्ष जाईल. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे कोणी सांगणारं आहे का, की हे ठसे पाड्यावरच्यांचे नाहीत आणि कोणाचे आहेत? नवसीने माझं नाव दिलं. तिला वाटतं, विजयाबायला भिंगातून सगळं दिसतं. मला काय दिसलं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या बाईपासून मी ते दहा दिवस लपवून ठेवलं आहे, आणि याची मला लाज वाटते.

ती चीर मला भिंगाशिवायही ओळखता आली असती, नरहरी, कारण ती माझ्या हातची आहे. बाबा मुंबईला गेले होते, मी हट्टाने तुझ्याकडून छिन्नी मागून घेतली, तू डाव्या हाताने लोखंड धरलंस आणि मी हातोडी मारली. एकदा घसरली, घाबरून दुसऱ्यांदा मारली, म्हणून तिला दोन फाटे. आत गेलेला लोखंडाचा कण मीच सुईने काढला आणि माझी ओढणी फाडून बांधली. संध्याकाळी तू बाबांना म्हणालास, माझीच छिन्नी घसरली. तू खरं सांगितलं असतंस तर बाबांनी मला पुन्हा त्या पडवीत पाऊल ठेवू दिलं नसतं. तुझ्या त्या एका खोट्यावर मी पस्तीस वर्षं पोट भरलं, आणि तुला त्यापायी कानस मिळाली, मग खिडकी, आणि आता हे त्रेसष्ट अंगठे. तुझं देणं मी विसरलेले नाही. म्हणूनच अधिकाऱ्यांना फोन करायच्या आधी तुला पत्र लिहिलं. पण ते देणं मी तेजलच्या वर्षातून फेडणार नाही. सोमवारी अकराच्या आधी ये. ओट्यावर सगळ्यांसमोर तूच उभा राहा, डावा अंगठा पुढे कर, आणि कोणी मारायला लावला त्याचं नाव सांग. माझी चूक तू अंगावर घेतलीस ती घेतलीस, आता या लोकांची घेऊ नकोस. तू बोललास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि ही चीर तुला कशी पडली तेही त्याच ओट्यावर सांगेन. तू आला नाहीस, तर मला विचारलं जाईल, हा अंगठा कोणाचा? आणि या वेळी मी शाई फिकी आहे असं म्हणणार नाही.

विहिरीपाशी उभी होती ती, तेव्हाही आणि अजूनही तुझीच,
विजया